पाळी लांबते ती मेंदूतून

परीक्षांचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो, बहुधा आईनेच विचारलेला: ‘दीड महिना झाला, मुलीची पाळी आली नाही. टेन्शनमुळे असं होतं का?’ होतं. पण ‘मनाचे खेळ’ म्हणून ते सोडून देऊ नये. ताण मेंदूतून अंडाशयापर्यंत कसा पोचतो, तो रस्ता आता चांगला माहीत आहे.

तो रस्ता सापडला त्याची गोष्ट मला फार प्रिय आहे. पाळीचं चक्र चालवणारी पियुषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी लोंबते. ती आपल्याच तंत्राने चालते की मेंदूच्या हुकमाने, यावर गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत कडाक्याचे वाद होते. इंग्लंडचे जेफ्री हॅरिस आणि स्वीडनमधल्या लुंडच्या डोरा जेकबसन यांनी उंदरांच्या माद्यांची पियुषिका काढून दुसरी बसवून पाहिली. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या नेमक्या खाली, बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यापाशी बसवली, तर बंद पडलेलं चक्र पुन्हा सुरू झालं. काही माद्या गाभणही राहिल्या. जरा बाजूला बसवली, तर ग्रंथीला रक्त मिळालं, ती जगली, पण काम करेना. म्हणजे हुकूम मेंदूचाच, आणि तो रक्तातून येतो! हा निबंध 1952 चा. हॅरिस 1971 मध्ये वारले. मेंदूतली ती संप्रेरकं शोधणाऱ्या गिलमँ आणि शॅली यांना 1977 मध्ये नोबेल मिळालं. हॅरिसांचं नाव निदान पाठ्यपुस्तकात सापडतं, जेकबसनबाईंचं तेवढंही नाही.

या बाई मूळच्या बर्लिनच्या. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राज्यात डॉक्टरकीची वाट बंद झाली, म्हणून 1934 मध्ये त्या स्वीडनला गेल्या. आणि त्याच बर्लिनमध्ये हेर्मान श्टीव्ह नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ ताण आणि पाळी यांवर ‘संशोधन’ करत होते. प्ल्योट्सेनझे तुरुंगात मृत्युदंड दिलेल्या स्त्रियांची शरीरं ते घेत, आणि शिक्षेच्या भीतीने पाळीवर काय परिणाम झाला ते त्यांच्या अंडाशयांत शोधत. त्यांतल्या कितीतरी जणी हिटलरविरोधी गटांत काम केलेल्या होत्या. तुरुंगातली उपासमार आणि भीती यांचे परिणाम वेगळे काढायची सोयही त्या कामात नव्हती. तरी युद्धानंतर श्टीव्ह यांची खुर्ची हलली नाही. 1952 मध्ये ते वारले. त्यांच्या संग्रहातल्या, ऊतींचे नमुने असलेल्या सुमारे 300 काचपट्ट्या 2019 च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये सन्मानाने दफन केल्या गेल्या. या विषयाच्या इतिहासात जेकबसन यांचं नाव मोठ्या अक्षरांत हवं, असं मला तीव्रतेने वाटतं.

मेंदूचा तो हुकूम सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. एर्न्स्ट नोबिल यांनी पिट्सबर्गमध्ये ऱ्हीसस माकडिणींवर हे दाखवलं. हायपोथॅलॅमसमधलं जीएनआरएच हे संप्रेरक तासाला एकदा दिलं की पियुषिका चालते; अखंड सोडत राहिलं की ती गप्प होते. दारावरची बेल कुणी दाबूनच धरली, तर आतला माणूस वायर काढून ठेवतो, तसं. ताणात कॉर्टिसॉल आणि त्याला चेतवणारी मेंदूतली संप्रेरकं वाढतात आणि हे ठोके मंदावतात. त्यात जेवण कमी आणि व्यायाम जास्त झाला तर आणखीच. ठोके विरळ झाले की स्त्रीबीज वेळेवर पक्व होत नाही. ते बाहेर पडल्यापासून पाळीपर्यंतचे साधारण दोन आठवडे मात्र फारसे बदलत नाहीत. म्हणून धक्का कधी बसला यालाही महत्त्व आहे: बीज बाहेर पडण्याआधी बसला तर पाळी लांबते, नंतर बसला तर बरेचदा वेळेवर येते.

‘टेन्शन असेल’ हे मात्र सगळ्या तपासण्यांनंतरचं उत्तर आहे. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस हे आधी पाहायला हवं. तीन महिने पाळी नसेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, कारण इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं झिजतात. कॉर्टिसॉल ‘उतरवणाऱ्या’ पावडरी समाजमाध्यमांवर जोरात विकल्या जातात. त्यांनी पाळी परत येते याचा पुरावा विकणाऱ्यांना मागावा.

पुरावा असेल तर तो दुसरीकडे आहे. पिट्सबर्गमध्येच सारा बर्गा आणि सहकाऱ्यांनी ताणामुळे पाळी थांबलेल्या 16 स्त्रियांचे दोन गट केले. आठ जणींना विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, समुपदेशनाची वीस आठवड्यांची उपचारपद्धत दिली. आठ जणींवर नुसतं लक्ष ठेवलं. 2003 मध्ये आलेला निष्कर्ष असा: पहिल्या गटात सात जणींच्या अंडाशयांचं काम पुन्हा सुरू झालं होतं, दुसऱ्या गटात दोघींचं. अभ्यास छोटा आहे. पण गोळी नव्हती, संप्रेरकाचं इंजेक्शन नव्हतं, आणि तरी हायपोथॅलॅमसपर्यंत निरोप पोचला होता.