अमेरिकेतली शाळा, आपली मुलं – भाग ६ : दहावी, पण बोर्डाविना

अमेरिकेत नातू दहावीत गेला की इकडे पुण्या-नाशिकच्या घरांतून हमखास प्रश्न जातो, ‘बोर्डाची परीक्षा कधी?’ तिकडून उत्तर येतं की इथे बोर्ड नसतं. आजीचा जीव भांड्यात पडतो आणि विषय तिथेच संपतो. बोर्ड नसतं हे खरंच आहे. तिथली दहावी म्हणजे चार वर्षांच्या हायस्कूलमधलं दुसरं वर्ष, त्यांच्या भाषेत ‘सॉफमोर इयर’. शाळा बदलत नाही, सायन्स-कॉमर्स असं काही निवडावं लागत नाही आणि केबल तर कुणीच काढत नाही. पण आपल्याकडे जे एका मार्च महिन्यात ठरतं, ते तिथे चार वर्षं सेमिस्टरमागून सेमिस्टर साठत जातं, आणि त्या साठ्यात दहावीचा वाटा मोठा असतो.

तो किती मोठा, हे कॅलिफोर्नियात सर्वांत स्वच्छ दिसतं, कारण तिथला नियम लेखी आहे. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही सगळी ज्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॅम्पस, ती अर्जदाराचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, काढताना नववी संपल्यानंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच गुण धरते. नववीचे विषय उत्तीर्ण झालेले लागतात, पण त्यांचे गुण बेरजेत येत नाहीत. अर्ज बारावीच्या नोव्हेंबरअखेर जातो, म्हणजे बारावीचेही गुण तेव्हा हातात नसतात. उरली दहावी आणि अकरावी. अर्धा जीपीए दहावीचा. त्यातून या विद्यापीठाने २०२१ पासून प्रवेशासाठी एसएटी ही सामायिक परीक्षा बघणंच सोडलं आहे. ‘दहावीत थोडं कमी पडलं तरी एसएटीत भरून काढू’ हा आपल्या लोकांचा लाडका हिशेब तिथे चालत नाही.

टेक्सासचा मामला वेगळा. तिथे १९९७ च्या कायद्याने प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाकडे गर्दी इतकी की त्यांना ही रेषा वर न्यावी लागली, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ती वरच्या पाच टक्क्यांवर गेली आहे. क्रमांक लागतो तो स्वतःच्या शाळेतल्या मुलांमध्ये. फ्रिस्को-प्लेनोसारख्या उपनगरांत आपल्या मंडळींनी चांगली शाळा बघून महागात घरं घेतली, आणि नेमक्या त्याच शाळांमध्ये वरच्या पाच टक्क्यांत बसणं सर्वांत अवघड. शिवाय आपोआप मिळतो तो विद्यापीठातला प्रवेश. कम्प्युटर सायन्सची जागा त्यात धरलेली नसते.

दोन राज्यांचे दोन नियम, पण दोन्हीकडे पाया एकच : मूल कोणते विषय घेतं आणि त्यात काय मिळवतं. म्हणून माझ्या मते दहावीतला सर्वांत महत्त्वाचा कागद प्रगतिपुस्तक नव्हे, तर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान शाळा देते तो पुढच्या वर्षाच्या विषयनिवडीचा फॉर्म. बऱ्याच घरांत तो मूल एकटंच भरतं. मित्राने काय घेतलं ते बघतं, खाली सही घेतं, की झालं. पालक एसएटीच्या क्लासची चौकशी करण्यात गुंतलेले असतात.

त्या फॉर्मवर आधी बघायचं ते गणित. नेहमीचा क्रम असा : अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. यातली एक पायरी गाळून पुढची घेता येत नाही. दहावीत अल्जिब्रा टू करणारं मूल बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचतं. दहावीत जॉमेट्री असेल तर बारावीला प्रीकॅल्क्युलसच येईल, आणि इंजिनिअरिंगचा विचार असेल तर हा फरक लागतो. मग वाटा दोन. एक, उन्हाळ्यात एक विषय उरकणं. दोन, एका वर्षी गणिताचे दोन विषय घेणं. दोन्हींचा निर्णय दहावीतच करावा लागतो, अकरावीत उशीर झालेला असतो. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या घरांत गणित पुढे ढकलण्याची जी शर्यत सहावी-सातवीपासून लागते, तिच्यात कच्च्या अल्जिब्रावर उभं राहिलेलं कॅल्क्युलस बारावीत कोसळताना दिसतं. मुलाला दहावीत अल्जिब्रा टूमध्ये ‘सी’ पडत असेल, तर पुढच्या पायरीची घाई करण्यात अर्थ नाही.

मग येतात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा असते, गुण १ ते ५. दहावीत वर्ल्ड हिस्टरी किंवा कम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स अशी सुरुवात बरीच मुलं करतात. एक किंवा दोन पुरेत. हे मुलांची दया येऊन म्हणत नाही. पुन्हा कॅलिफोर्नियाचाच नियम बघा : अशा अवघड विषयांना जीपीएत एक जादा गुण मिळतो, पण आठ सेमिस्टरपुरताच, आणि त्यातली जास्तीत जास्त चार सेमिस्टर दहावीची. म्हणजे वर्षभराचे दोन विषय. तिसऱ्या-चौथ्या एपीसाठी रात्री एक वाजेपर्यंत जागलेल्या मुलाच्या जीपीएत त्या जागरणाचा जादा गुण पडतच नाही. आणि आपल्या शाळेत पाचच एपी आहेत, शेजारच्या गावात पंचवीस, म्हणून हळहळू नका. अर्जासोबत शाळा स्वतःची माहिती पाठवते. तिथे काय उपलब्ध होतं आणि त्यातलं या मुलाने किती घेतलं, हे वाचणाऱ्याला कळतं.

परदेशी भाषा दोन वर्षं करून सोडून देण्याचा मोह दहावीतच होतो. निवडक कॉलेजांना तिसरं-चौथं वर्ष आवडतं, तेव्हा जमलं तर सोडू नका. याच संदर्भात शनिवार-रविवारच्या मराठी शाळेचा विषय काढायला हवा. काही स्कूल डिस्ट्रिक्ट मराठीच्या अभ्यासाला परदेशी भाषेचं क्रेडिट देतात, काही देत नाहीत. काउन्सेलरला आताच विचारा, बारावीत विचारून उपयोग नाही.

परीक्षांबद्दल फार लिहीत नाही, कारण दहावीत लिहिण्यासारखं फारसं नाही. ऑक्टोबरात बऱ्याच शाळा दहावीच्या मुलांना पीएसएटीला, म्हणजे एसएटीच्या पूर्वपरीक्षेला, बसवतात. ते गुण कॉलेजांकडे जात नाहीत, आणि नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीचीच पीएसएटी धरतात. दहावीच्या पीएसएटीसाठी क्लास लावणं म्हणजे पैसे पाण्यात. मात्र परीक्षा हद्दपार झाल्या असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका. कोविडनंतर ऐच्छिक केलेली प्रवेशपरीक्षेची अट एमआयटीने २०२२ मध्ये परत आणली, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तसंच जाहीर केलं. एसएटीचा अभ्यास दहावीनंतरच्या उन्हाळ्यात सुरू केला तरी वेळ भरपूर आहे.

आता अवांतर उपक्रमांकडे. इथे मला जरा परखड बोलायचं आहे. कॉमन अ‍ॅप हा सामायिक अर्ज आज हजाराहून अधिक कॉलेजं स्वीकारतात. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने आणि प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. दीडशे शब्द नव्हेत, अक्षरं. पण दहा रकाने आहेत म्हटल्यावर आपल्या घरांत ते भरण्याची मोहीम निघते : रोबोटिक्स, डिबेट, पियानो, भरतनाट्यम्, रुग्णालयात स्वयंसेवा, आणि वर पंधराव्या वर्षी स्थापन केलेली स्वतःची धर्मादाय संस्था, जिचे संस्थापक-अध्यक्ष आपले चिरंजीव आणि वेबसाइट करणारे बाबा. अर्ज वाचणारी माणसं वर्षाला शेकड्यांनी अर्ज वाचतात, त्यांना बाबांचा हात ओळखू येतो. नामांकित विद्यापीठाच्या आवारात उन्हाळ्यात चालणारे, हजारो डॉलर फी घेणारे कार्यक्रमही याच जातीचे. तिथे जागा पैसे भरले की मिळते, आणि ही गोष्ट प्रवेश समितीलाही ठाऊक असते. मूल तिथे मजेत राहील, नवे मित्र करील, त्यासाठी जरूर पाठवा.

दहावीत करायचं ते उलट आहे : दोन-तीन गोष्टी ठेवायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. अर्जातल्या उपक्रमांच्या प्रकारांत पगारी नोकरी आणि घरची जबाबदारी यांना स्वतंत्र जागा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. किराणा दुकानात शनिवारी काउंटरवर उभा राहणारा मुलगा किंवा सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांना डॉक्टरकडे नेणारी, त्यांच्यासाठी दुभाष्याचं काम करणारी मुलगी, दोघांकडेही लिहिण्यासारखं खरं काही असतं. मुलांना ते सांगण्यासारखं वाटत नाही, म्हणून ते राहून जातं.

काउन्सेलरचा उल्लेख वर आलाच आहे. बारावीत शाळेचं शिफारसपत्र लिहिणार ती हीच व्यक्ती. त्यांच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे, आणि २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी होती ३८५. मुलाने दहावीत दोनदा-तीनदा स्वतः जाऊन भेटावं. आईवडिलांनी ईमेल पाठवणं हा त्याला पर्याय नाही.

शेवटी पैसा. फॅफ्सा हा केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज बारावीत भरायचा असतो, म्हणून तो विषय बारावीचा आहे असं सगळे धरून चालतात. पण त्यात उत्पन्न बघतात ते दोन वर्षं आधीचं. २०२५-२६ ला दहावीत असलेलं मूल २०२८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉलेजला जाईल, आणि त्याच्या अर्जात २०२६ च्या कॅलेंडर वर्षाचं उत्पन्न धरलं जाईल. म्हणजे ते वर्ष मुलाच्या दहावीच्या मध्यावर, १ जानेवारीला सुरू होतं. कंपनीचे शेअर विकायचे असतील किंवा पुण्यातला फ्लॅट काढायचा असेल, तर त्याचा नफा कोणत्या वर्षात पडतो याला महत्त्व आहे, कारण अमेरिकेत कर भरणाऱ्याचं भारतातलं उत्पन्नही तिथल्या विवरणपत्रात येतं. करसल्लागाराशी हे बोलणं डिसेंबरच्या आत व्हायला हवं.

ज्यांची मुलं एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आहेत, त्यांच्यासाठी तर हे वर्ष आणखी निकडीचं. या मुलांना केंद्राची मदत मिळत नाही. राज्याच्या विद्यापीठात स्थानिक फी लागेल की परराज्यातली, हे राज्यागणिक बदलतं. मदतीच्या बाबतीत अनेक खासगी कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात. परदेशी अर्जदाराची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि गरज पूर्ण भागवणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ ही त्यांतली. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना मूल एकवीस वर्षांचं झालं तर एच-४ संपतो, म्हणजे हा प्रश्न कॉलेजच्या ऐन मध्यात उभा राहू शकतो. इमिग्रेशनच्या वकिलाला मुलाची जन्मतारीख समोर ठेवून आताच विचारलेलं बरं.

या आठवड्यात दोन गोष्टी करून बघा. तासाभराचं काम आहे. एक : मुलाच्या मनातल्या कोणत्याही दोन कॉलेजांच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ शोधा. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११ पासून तो ठेवणं बंधनकारक आहे, आणि तुमच्या घराला साधारण किती खर्च येईल तो आकडा त्यातून मिळतो. दोन : त्याच कॉलेजांचा ‘कॉमन डेटा सेट’ उघडून त्यातला सी-७ तक्ता वाचा. गुण, विषयांची काठिण्यपातळी, परीक्षा, निबंध, उपक्रम यांपैकी कशाला किती वजन देतो, हे त्यात कॉलेजने स्वतः लिहिलेलं असतं. आणि विषयनिवडीचा फॉर्म घरी आला, की सही करण्याआधी मुलाशेजारी बसून तो पूर्ण वाचा.

(पुढच्या भागात : अकरावी, आणि शिफारसपत्रासाठी कोणत्या शिक्षकांना विचारावं)