तळकणा, शीडनौकेचा
शीडनौकेच्या बुडाखाली मध्यरेषेवर बसविलेला जड, पात्यासारखा भाग. वाऱ्याच्या दाबाने नौका कलंडू न देणे व ती एका बाजूस घसरू न देणे, ही दोन्ही कामे तो करतो. कोकणातील लाकडी गलबतांत तळकणा म्हणजे पठाण हा सबंध सांगाड्याचाच पाया असतो. याउलट काचतंतू-प्लॅस्टिकच्या बहुतेक नौकांत शिशाचा वा बिडाचा तळकणा वेगळा ओतून बोल्टांनी खालून जोडतात. साहजिकच सर्व ताण हा जोड आणि बुडाच्या आतील आडव्या तुळया यांवर येतो. नागपूरच्या अंबाझरीसारख्या तलावात चालविण्याजोग्या लहान शीडबोटींना वर ओढता येणारी फळी पुरते. पण गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या म्हादेईसारख्या नौकेत जोडाला महिनोन्‌महिने लाटांचे तडाखे सोसावे लागतात.

नौका खडकावर आदळली की तळकण्याचे खालचे टोक थांबते व नौका पुढे रेटली जाते. मग तरफेप्रमाणे त्याची मागची कड बुडात वर दाबली जाते आणि पुढची कड खाली ओढली जाते. म्हणून तपासणीत मागील कडेवरच्या तुळया प्रथम पाहावयाच्या असतात. पुढील सांध्यातील चीर नजरेत भरते खरी, पण पुष्कळदा ती केवळ भरावाचीच असते. नौका उचलून टांगतात व मग तळकण्यावर हळूहळू टेकवितात. त्या वेळी सांधा उघडमिट करीत असल्यास जोड सैल झाला आहे असे समजावे. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आल्यास तुळई बुडापासून सुटली असण्याचा संभव असतो. अगंज पोलादाचे बोल्ट फसवे असतात. त्यांचे माथे चकचकीत दिसतात, पण प्राणवायू न पोहोचणाऱ्या ओल्या सांध्यात ते झिजून बारीक होतात. गंजाचे ओघळ दिसल्यास निदान एक बोल्ट काढून पाहणे इष्ट.

१९७७ पासून बनू लागलेल्या जे-२४ या नौकेच्या जुन्या नमुन्यांत बुडाची पोकळी व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाच्या मिश्रणाने भरलेली असे. त्यात पाणी मुरल्यास ते कोरून काढून काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांचा घन भराव घालतात.

२०१४ मध्ये अटलांटिक महासागरात चीकी रफीकी या ब्रिटिश नौकेचा तळकणा सुटून ती उलटली व तिच्यावरील चौघेही दगावले. पूर्वी तळ टेकल्याने व त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे आतील सांगाडा बुडापासून सुटत गेला असावा, असे सरकारी चौकशीत दिसून आले.

दुरुस्तीत सुटलेला भाग घासून कोरडा करतात, जाडीच्या सुमारे बारापट लांबीचा उतार देतात आणि त्यावर काचतंतूंचे थर एपॉक्सीत बसवितात. ओल राहिल्यास थर धरत नाहीत. त्यामुळे वाळविण्यातच कित्येक आठवडे जातात. बोल्टांखाली रुंद पट्ट्या घालून ते ठरावीक पीळ देऊन आवळतात. जास्त आवळल्यास बूड चेपते.