कॉफीची सोयरीक धुऱ्यावर

आपल्या वऱ्हाडात कॉफी ही पाहुण्यांची. रोज घरात चहाच. मुलीला पाहायला मंडळी आली किंवा कुणी पुण्या-मुंबईचं आलं, की जायफळ घालून कॉफी उकळायची. तिचं झाड मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींनी पाहिलं असेल. महाराष्ट्रात ते बघायचं तर चिखलदऱ्याला जावं लागतं. पण मैत्रिणींनो, या कॉफीचं गणगोत आपल्या दारात, धुऱ्यावर, देवळामागे उभं आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

कृष्णाचा कदंब, रानातला कळंब, हेदू, काटेरी गेळा, कुंडीतला अनंत, कंपाउंडला लावतात तो लाल इक्झोरा, औषधातली मंजिष्ठा, पावसाळ्यात अंगणात आपोआप उगवणारं परिपाठ, आणि आपली आल, म्हणजे बारतोंडी. ही सगळी कॉफीच्या घरची माणसं. हिवतापावरचं क्विनाइन ज्याच्या सालीतून निघालं तो सिंकोनाही याच घरचा. शास्त्रज्ञ या कुळाला रुबिएसी म्हणतात, मराठीत कदंब कुल. जगभरात त्याच्या १३,००० च्या वर जाती आहेत. फुलझाडांमध्ये याच्याहून मोठी कुळं तीनच.

आता कुणी म्हणेल, ताई, ही नातीगोती कळून आम्हाला काय करायचंय? सोयाबीन सोंगायचं का झाडांच्या सोयरिकी मोजत बसायचं? प्रश्न रास्त आहे. मी कला शाखेची, वनस्पतिशास्त्राशी माझाही काही संबंध नव्हता. तो आला बचत गटाच्या एका बैठकीमुळे.

गटातल्या एका सूनबाईनं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, सासूबाईंना नोनीचा रस सुरू करायचा आहे. गावात कुणीतरी बाटल्या घेऊन आला होता. साखर, सांधे, किडनी, सगळ्यावर एकच औषध म्हणे, आणि किंमत अशी की एका बाटलीत महिन्याचा किराणा यावा. तेवढ्यात दुसरीनं पदराची गाठ सोडली आणि पाच-सहा हिरवी, खडबडीत फळं सतरंजीवर टाकली. "कायले पैसे घालवतं वं? थो बाटलीवालाच म्हणे, हे तुमच्या धुऱ्यावरच्या आलीचंच फळ हाये. आपनच घरी रस काढू नं!"

सासूबाईंना साखर होतीच, शिवाय किडनीही अधू झालेली. कर्जाचा प्रश्न मग मागे पडला. फळ नोनीचं आहे की नाही, आणि असलं तरी त्या बाईंनी ते प्यावं का, हे दोन प्रश्न पुढे आले. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टरांनी एका वाक्यात दिलं. नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनी काम करत नसेल तर ते शरीरात साठतं, हृदयाला धोका होतो. म्हणून किडनीच्या रुग्णांनी तो घेऊच नये. रोग बरे करण्याचे दावे करणाऱ्या नोनी विक्रेत्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही ताकीद दिलेली आहे. बाटलीवाला काही हे सांगणार नव्हता.

पहिल्या प्रश्नासाठी मी ती फळं, पानांसकट एक फांदी आणि थोड्या कळ्या पिशवीत घालून महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे गेले. त्यांनी फळाकडे बघितलंच नाही. आधी फांदी उलटी-सुलटी केली आणि मला म्हणाल्या, "इथं नखानं खाजवून बघा."

ती खूण मी तेव्हापासून भेटेल त्या प्रत्येकीला दाखवत सुटले आहे. या कुळात पानं समोरासमोर येतात, कडा साध्या, करवतीसारखे दाते नाहीत. तेवढं तर पेरूचंही असतं. पण पेरूच्या फांदीवर दोन देठांच्या मधली जागा रिकामी असते. इथे त्या जागी, डाव्या पानाच्या आणि उजव्या पानाच्या देठांमध्ये, फांदीला चिकटून एक छोटासा पापुद्रा असतो. बहुधा त्रिकोणी. त्याला उपपर्ण म्हणतात. कोवळ्या शेंड्यावर तो नीट दिसतो, जून झाला की काही झाडांवरून गळून जातो. इक्झोऱ्याची फांदी घ्या, पेरूची घ्या, शेजारी शेजारी धरा. चाळिशीचा चष्मा असेल तर लावा. एकदा दिसलं की परत चुकत नाही.

फुलाच्या खुणा वेगळ्या. पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते आणि बीजकोश पाकळ्यांच्या खाली बसतो. म्हणूनच गेळफळाच्या डोक्यावर फुलाच्या हिरव्या वाटीचा मुकुट राहतो, डाळिंबासारखा.

मंजिष्ठेनं मात्र गंमत केलीय. तिच्या वेलीवर एका पेऱ्याला चार-चार पानं दिसतात. मग समोरासमोरची जोडी कुठे गेली? तर त्यातली दोनच खरी पानं. उरलेली दोन म्हणजे वाढून पानाएवढी झालेली उपपर्णं. वरवर बघणारा हिला कुळाबाहेर काढेल, आणि खरं तर सगळ्या कुळाला नाव हिच्याच बहिणीवरून पडलं आहे. रुबिया म्हणजे लाल, मुळातल्या रंगावरून.

अशी फसगत झाली की शास्त्रज्ञ परागकणांकडे वळतात. फुलाला हात लावला की बोटाला लागते ती पिवळी भुकटी. एकेक कण केसाच्या जाडीपेक्षा बारीक, पण त्याचं कवच फार चिवट, जमिनीत लाखो वर्षं टिकणारं. स्वीडनचे गुन्नार एर्टमन यांनी ते बघायची रीत बसवून दिली. अम्लांच्या मिश्रणात पराग तापवायचे. आतला मऊ भाग जळून जातो, नक्षीदार कवच तेवढं उरतं. (हे प्रयोगशाळेतच करायचं काम, घरी नव्हे.) १९५२ साली त्यांनी फुलझाडांच्या कुळाकुळांचे पराग एका मोठ्या ग्रंथात मांडले. आपल्याकडे १९८० च्या दशकात पी. एम. मॅथ्यू आणि ओमना फिलिप यांनी दक्षिण भारतातल्या याच कॉफीच्या कुळाचे पराग तपासून कोण कोणाच्या जवळचं, याचा विचार केला.

मॅडमनी मला तयार काचपट्ट्या दाखवल्या. कॉफीचा कण गोलसर, त्याला बहुतेक तीन, कधी चार चिरा. उगवायची वेळ आली की या चिरांतूनच नळी बाहेर येते. मंजिष्ठेच्या कणाला मात्र सहा-सात, काहींना त्याहूनही जास्त चिरा, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. म्हणजे पानांनी जे वेगळेपण दाखवलं, त्याला परागानं दुजोरा दिला. ही घरातलीच, पण वेगळ्या चुलीची. अनंताचं काम अजून न्यारं. त्याचे कण सुटे नसतातच, चार-चार एकमेकींना धरून बसलेले, भोंडल्यातल्या मुलींसारखे. मी तर त्या नळकांड्याला डोळा लावून बसले ते चहा गार होईपर्यंत.

घरच्या घरी बघण्यासारखंही एक आहे. इक्झोऱ्याचं नुकतं उमललेलं फूल घ्या. मधोमध जी काडी बाहेर आलेली असते, तिच्या टोकाला पिवळी पूड दिसते. आपल्याला वाटतं हा पुंकेसर. तो नव्हे, ती तर स्त्रीकेसराची काडी. कळीत असतानाच आजूबाजूचे पुंकेसर आपले पराग तिच्यावर ठेवून देतात. ती ते बाहेर आणून फुलपाखरांच्या अंगाला लावते, आणि सगळं वाटून झालं की मग स्वतःचं टोक दोन भागांत उघडून दुसऱ्या फुलाचे पराग घेते. आधी दुसऱ्याचं, मग स्वतःचं. आपल्या घरातल्या बाईसारखंच झालं हे!

आता परागानं सगळंच सुटतं असंही नाही. याच कुळातल्या काही झाडांना, उदाहरणार्थ नर्सरीत मिळणाऱ्या पेंटासला, दोन तऱ्हेची फुलं येतात. एका रोपावर स्त्रीकेसर लांब, दुसऱ्या रोपावर आखूड, आणि दोघांचे कणही बहुधा लहानमोठे असतात. एकच फूल तपासून जो निकाल देईल तो एकाच झाडाच्या दोन जाती करून ठेवील. शिवाय पराग घर सांगतो, चूल सांगतो. पण सख्ख्या बहिणींतली थोरली कोण नि धाकटी कोण, ते ठरवायला पान, फूल, फळ, साल सगळं पुढ्यात घ्यावं लागतं.

आमच्या फळांचं तेच झालं. नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया. समुद्रकाठच्या उष्ण प्रदेशातलं झाड. पानं मोठी, जाड, चकचकीत. फळ बटाट्याएवढं, पिकलं की पांढुरकं, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. आपल्या धुऱ्यावरची आल मोरिंडाच, पण दुसरी जात. साल जाड, भेगाळलेली, पानं लहान, फळ लिंबाहून लहान आणि पिकलं की काळपट. दोन्हींत अनेक फुलांचे बीजकोश जुळून एक फळ होतं, म्हणून अंगभर डोळे-डोळे दिसतात. बारतोंडी हे नाव कुणा आजीनं ते बघूनच ठेवलं असावं.

बाटलीवाला अगदीच खोटं बोलला असंही नाही, कारण हा घोळ जुना आहे. इंग्रजांच्या काळातल्या पुस्तकांत रंगासाठी लावलेल्या आलीलाही कुठे सिट्रिफोलिया म्हटलंय, कुठे टिंक्टोरिया. पुढे कुणी कोरिया म्हटलं, कुणी प्युबेसन्स. एका झाडाला माहेरची, सासरची आणि रेशनकार्डावरची अशी तीन नावं. पण बहिणीबहिणींचे चेहरे मिळतात म्हणून एकीची औषधाची चिठ्ठी दुसरीला चालत नाही. नोनीच्या रसाचे निदान काही अभ्यास तरी झालेले आहेत. धुऱ्यावरच्या फळाचा रस रोज पेलाभर प्यायचा, तो कशाच्या भरवशावर?

या आलीची आपल्या भागात कधीकाळी शेती होत असे. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात ती मुळांसाठी लावत. तीन-चार वर्षांनी खणून काढायची. बारीक मुळांना भाव जास्त, कारण लाल रंग त्यांच्या सालीत. जाडेभरडे खारव्याचे कपडे त्यात रंगायचे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. स्वस्त रंगाचे डबे बाजारात आले आणि आल शेतातून उठून धुऱ्यावर गेली. आता तर धुरेही कोरले जात आहेत, ट्रॅक्टर वळायला आड येते म्हणून तिच्यावर कुऱ्हाड पडते.

आपल्या भागातल्या झाडांची नोंद नाही, असं मात्र समजू नका. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं १९८८ साली अकोला जिल्ह्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ काढला, कांबळे आणि प्रधान यांनी लिहिलेला. वाशीम तेव्हा अकोल्यातच होतं, आपला जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे ग्रंथालयात वाशीमच्या नावानं शोधलं तर हे पुस्तक हाती लागत नाही.

नावांचा घोळ फक्त आलीचा नाही. पित्तपापडा घ्या. कुठे गव्हातलं कोथिंबिरीसारख्या चिरलेल्या पानांचं, गुलाबी फुलांचं तण या नावानं विकतात. ते अफूच्या गोतातलं. कुठे अंगणातलं परिपाठ विकतात, अरुंद पानांचं, इवल्या चार पांढऱ्या पाकळ्यांचं. हे कॉफीच्या घरचं. वाळून चुरा झाला की दोन्ही सारखीच मातकट. आमच्या गटात वनौषधी गोळा करणाऱ्या बायांना म्हणून आता नियमच केलाय, की ओळख ताज्या रोपावर करायची, वाळवायचं नंतर. गेळ्याच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. मदनफळ म्हणून वैद्य ते वांती करवायला देतात, त्यात घरगुती प्रयोग नकोच.

तुम्हालाही एखादं झाड ओळखून घ्यायचं असेल, तर नुसतं पान तोडून नेऊ नका. कोवळ्या शेंड्यासकट वीतभर फांदी घ्या, म्हणजे उपपर्ण शाबूत राहील. फूल आणि फळ दोन्ही मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन हंगामांत दोनदा आणा. फांदी जुन्या वर्तमानपत्रात पसरून गादीखाली दाबा, पहिले चार दिवस रोज कागद बदला. परागासाठी न उमललेल्या पण टपोऱ्या कळ्या वेगळ्या पुडीत ठेवा, कारण उमललेल्या फुलात माशी दुसऱ्याच झाडाचे पराग सोडून गेलेली असू शकते. पुडीवर गाव, तारीख आणि गावात त्या झाडाला काय म्हणतात ते नाव लिहा. जिल्ह्याच्या ठिकाणी विज्ञान शाखेचं महाविद्यालय असतंच, तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात चौकशी करा. आलीला फुलं उन्हाळ्यात येतात, पांढरी, सुवासिक. त्यासाठी सकाळी लवकर निघावं लागेल.