उसाला मधमाशी लागत नाही, मग चिंता कशाला?



लागण नोंदी आणि कीड पाहणीसाठी गावोगाव फिरताना अलीकडे एक तक्रार वारंवार कानावर येते. ती उसाची नसते, त्यामुळे आमच्या नोंदवहीत तिला रकाना नाही. परसातल्या डांगराच्या वेलाला फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही. बोराएवढे होते, पिवळे पडते आणि गळून जाते. मग घरातल्या बायका सकाळी उठून नर फूल तोडतात आणि मादी फुलाला हाताने घासतात. तेव्हा कुठे फळ टिकते. हे काम पूर्वी मधमाश्या करीत होत्या आणि त्याची मजुरी मागत नव्हत्या.

वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावे. विहिरीच्या कपारीत किंवा जुन्या आंब्याच्या ढोलीत सातेरीचे मोहोळ असायचे. कुंपणाच्या काटकीला फुलोरीचे लहानसे पोळे आणि उंच वडाला आग्याची लोंबती पोळी दिसायची. शेवगा फुलला की झाडाखाली गुंगाट ऐकू येई. पावसाच्या तोंडाला मोटारीच्या खोपीवरच्या दिव्याखाली सकाळी किड्यांचा सडा पडलेला असे. आज तो सडा विरळ झाला आहे.

हे केवळ आपल्याच भागात घडते आहे असे नाही. जर्मनीत राखीव निसर्ग क्षेत्रांत सापळे लावून २७ वर्षे उडणारे कीटक गोळा करण्यात आले. २०१७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सापळ्यांत सापडणाऱ्या कीटकांचे वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले होते. राखीव जागेत ही स्थिती आढळली, तर शेतीत काय असेल याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

‘आपलं काय जातंय?’

हा विषय काढला की सभासद म्हणतात, ‘साहेब, उसाला मधमाशी कशाला पाहिजे? आपण टिपरी लावतो. आपलं काय जातंय?’

म्हणणे खोटे नाही. उसाची लागण बेण्यापासून होते. तुरा आला तरी त्याचे पराग वाऱ्याने वाहतात. डांगर, सूर्यफूल, कांदा बियाणे, डाळिंब, आंबा यांना मधमाशीचा उपयोग आहे, उसाला थेट नाही. परंतु मधमाशीला जे मारते, तेच उसाच्या राखणदारांनाही मारते. मधमाशी डोळ्यांना दिसते म्हणून तिची उणीव कळते. राखणदार दिसत नाहीत, म्हणून ते गेल्याचे कळत नाही. ते कळते पोंगे वाळू लागल्यावर.

राखणदार कोण?

खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड वापरतो. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांतून ट्रायकोग्रामा नावाची, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान माशी बाहेर पडते. ती खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. अळी जन्मालाच येत नाही, मग पोंगा कोण पोखरणार?

ही माशी प्रयोगशाळेत वाढवताना तिला मधाचा थेंब द्यावा लागतो. उपाशी राहिली तर ती एक-दोन दिवसांत मरते. मध मिळाला तर आठवडाभर जगते आणि जास्त अंडी शोधते. शेतात तिला मधाचा थेंब कोण देणार? बांधावरची एकदांडी, कुर्डू, सरीवर टाकलेली आणि फुलावर आलेली कोथिंबीर. म्हणजे मधमाशी ज्या फुलांवर जगते, त्याच फुलांवर ही माशी तग धरते. आपण कार्ड टाचतो आणि त्याच आठवड्यात बांधावर तणनाशक मारतो. पाहुण्याला जेवायला बोलवायचे आणि चुलीत पाणी ओतायचे, असा हा प्रकार झाला.

लोकरी माव्याचा धडा

ज्यांनी २००२ सालचा लोकरी मावा पाहिला आहे, त्यांना जास्त सांगायला नको. पश्चिम महाराष्ट्रात त्या वर्षी तो आला आणि पाहता पाहता शेजारच्या कर्नाटकातही पसरला. पानाची खालची बाजू पांढरीफटक, वरची बाजू चिकट आणि काळी, वाढ खुंटलेली. हातपंप घेऊन उंच उसात शिरणे शक्य नव्हते, आणि शिरले तरी औषध सगळीकडे पोचत नव्हते.

त्या संकटातून सोडवणूक झाली ती प्रामुख्याने मित्रकिडींमुळे. डिफा, ज्याला आपण कोनोबाथ्रा म्हणून ओळखतो, त्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस या कीटकाची पिल्ले मावा खाऊन फस्त करू लागली. ज्या फडात त्या होत्या, तिथली पाने कापून दुसऱ्या गावच्या फडात नेऊन बांधली गेली. ज्या फडात घाईने जहाल औषधे मारली जात, तिथे माव्याबरोबर या मित्रकिडीही मरत, आणि उरलेला मावा पुन्हा जोमाने वाढे.

त्या वेळी उंच उसात औषध पोचत नव्हते, म्हणून राखणदारांना आसरा तरी मिळाला. आज ड्रोन आला आहे. १० महिन्यांच्या आडसालीवरही वरून फवारा जातो. ड्रोन वाईट नाही. परंतु शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारले, अशी फवारणी होऊ लागली तर राखणदारांचा शेवटचा आसराही जाईल.

नुकसान कुठे होते?

पहिले, बांधावर. बांध कोरून सरीत घेतला जातो, आणि जो उरतो तो तणनाशकाने जाळला जातो. मैलभर हिरवा ऊस आणि एक फूल नाही, असे शिवार मधमाशीच्या दृष्टीने माळरानच होय. गळीत हंगामात गुऱ्हाळावर आणि रसवंतीवर मधमाश्यांची झुंबड पाहून कोणी म्हणेल की त्या भरपूर आहेत. पण शिवारात फूल नसले की त्या रसावर येतात आणि त्यातच बुडून मरतात.

दुसरे, औषधात. मुळाशी ओतलेले आंतरप्रवाही औषध झाडात चढते आणि फुलाच्या मधात व परागातही उतरते. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन यांचा उघड्या शेतातील वापर २०१८ साली बंद केला, तो मधमाश्यांसाठीच. आपल्याकडे बाटलीवरचा त्रिकोण पाहून काही सभासद म्हणतात, ‘हिरवा आहे, काही होत नाही.’ तो रंग माणसाला असलेला धोका सांगतो, मधमाशीला असलेला नव्हे.

तिसरे, पाचटात. तोडणी झाली की काडी लावली जाते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट जळते, आणि त्याबरोबर त्यात दडलेले कोळी, भुंगेरे आणि मित्रकिडींचे कोषही जळतात. पायरिला म्हणजे पाकोळी. तिला आवरणाऱ्या एपिरिकॅनियाचे पांढरे कोष पानावरच असतात. ते जाळून पुढे पाकोळीसाठी औषध आणायचे, हा दुहेरी तोटा आहे.

काय करावे?

१. निदान एका बाजूचा बांध तणनाशकाविना ठेवावा. गवत वाढले तर विळ्याने कापावे, तेही एकदम सगळे नव्हे. अर्धे आज, अर्धे महिन्याने. गाजरगवत मात्र फुलावर येण्यापूर्वी उपटावे.

२. लागणीत सरीच्या बगलेला कोथिंबीर टाकावी आणि चार-दोन वाफे फुलावर येऊ द्यावेत. कडेला मका, चवळी लावल्यास ढालकिड्यांना आसरा मिळतो.

३. पाचट न जाळता खोडव्यात सरीआड ठेवावे. जमिनीची ओल टिकते, हा फायदा वेगळा.

४. ट्रायकोकार्डाच्या पट्ट्या सायंकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचाव्यात. त्यानंतर १० ते १५ दिवस कीटकनाशक मारू नये.

५. फवारणी कीड मोजूनच करावी. करावीच लागली तर ऊन उतरल्यावर करावी. जवळ फुलावर आलेले पीक किंवा मोहोळ असेल तर शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगावे.

६. हुमणीचे भुंगेरे जमतात म्हणून बांधावरचा कडुनिंब, बाभूळ तोडू नये. वळवाच्या पावसानंतर रात्री फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. झाड राहते आणि हुमणीही आटोक्यात येते.

७. मोहोळ जाळून मध काढू देऊ नये. ज्यांना मधपेटी ठेवायची आहे त्यांना राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वर येथील मध संचालनालयाचे मार्गदर्शन मिळते. जवळच्या मांघर गावाला २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला आहे.

एकट्याने होणारे काम नव्हे

सातेरी पोळ्यापासून साधारण किलोमीटरभराच्या टापूत चारा शोधते. तिला गट नंबर कळत नाही आणि सात-बाराही वाचता येत नाही. एकाने बांध राखला आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांनी जाळला, तर त्याचा उपयोग फार थोडा. एकट्याच्या उसाला भाव मिळत नव्हता म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी एकत्र येऊन कारखाना उभा केला. बांधाचेही तसेच आहे.

यंदा प्रत्येक गावातून लागून असलेल्या पाच-सहा सभासदांनी मिळून आपले बांध राखायचे ठरवावे आणि गटातल्या चिटबॉयकडे नावे द्यावीत. त्या फडांतील पोंगेमर आणि शेजारच्या फडांतील पोंगेमर शेती खात्यातर्फे एकाच दिवशी मोजू आणि आकडे याच अंकात छापू. मग औषधाचे बिल कोणाचे कमी आले, ते सभासदांनी स्वतःच पडताळून पाहावे.

— ऊस विकास अधिकारी