विचारेल तोच शिकेल

मुलांनो, तुमच्या घरातली ताई किंवा दादा बारावी पास होऊन नागपूरच्या कॉलेजात गेलेत का? मग एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. जाताना नवी बॅग, नवे बूट, चेहऱ्यावर आनंद! महिन्याभराने सुटीला घरी आले, की गप्प गप्प. आई विचारते, "कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं, "ठीक आहे."

हे 'ठीक आहे' दरवेळी ठीक असतंच असं नाही बरं का!

उमरेड ते नागपूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पण शाळा आणि कॉलेज यांतलं अंतर त्याहून मोठं आहे. शाळेत दोन दिवस गेला नाहीत, तर बाई कुणाकरवी तरी निरोप पाठवतात. वही कोरी दिसली की कान पकडतात. कॉलेजात मात्र वर्ग मोठा, दर तासाला नवे सर, आणि विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत. वही अपुरी राहिली तरी कोणी विचारत नाही. शिवाय वर्षाची सत्रं दोन. पहिल्या सत्राची परीक्षा हिवाळ्यातच येते. 'दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्याच्या दाराशी ती येऊन उभी राहते.

अशा वेळी हुशार मुलंही मागे पडतात. डोकं कमी पडतं म्हणून नव्हे, तर विचारायची लाज वाटते म्हणून. 'सगळ्यांना समजलं, मलाच नाही,' असं प्रत्येकाला वाटतं आणि सगळेच गप्प बसतात!

ही अडचण आजची नाही, आणि तिच्यावर उपाय शोधणारी माणसंही आजची नाहीत. खेड्यापाड्यांतून पुण्यात शिकायला येणाऱ्या गरीब मुलांसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. राहण्या-जेवणाची सोय तर झालीच, पण आपल्यासारखीच गावाकडून आलेली मुलं सोबतीला मिळाली. एकट्याची अडचण चौघांत वाटली, की निम्मी होते.

आता तर सरकारी पातळीवरही हे मान्य झालं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाचा कार्यक्रम आखून दिला. पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदम अभ्यासाला न जुंपता आधी कॉलेजची ओळख करून द्यायची, खेळ आणि कला यांतून मैत्री जमवायची, आणि मुलांच्या लहान गटाला एक मार्गदर्शक प्राध्यापक द्यायचा, अशी ही कल्पना. म्हणजे अडचण सांगायला हक्काचं माणूस!

तेव्हा ताई-दादाला एवढंच विचारा, "तुमचे मार्गदर्शक सर कोण? त्यांना भेटलात का?" नाव ठाऊक नसेल, तर ऑफिसात जाऊन विचारायला सांगा. कोणी त्रास देत असेल, तर गप्प बसू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ हा मदतीचा फोन रात्रंदिवस चालू असतो. मन फारच उदास झालं, तर १४४१६ या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आणि तुम्ही? तुमची तयारी आजपासून! वर्गात रोज एक तरी प्रश्न विचारा. चुकीचा वाटला तरी विचारा. इंग्रजीचे रोज पाच शब्द अर्थासह लिहा. आपला डबा आपण भरा, कपडे आपण धुवा, एसटीचं वेळापत्रक आपण बघा. चौथीतल्या मुलालाही जमेल असं हे काम आहे, पण पुढे वसतिगृहात हेच उपयोगी पडतं.

पालकांनाही एक विनंती. मुलगा फोनवर आला, की पहिला प्रश्न मार्कांचा नको. "जेवलास का? कोणाशी मैत्री झाली?" हे आधी विचारा. पहिल्या परीक्षेत एखादा विषय राहिला, तर आभाळ कोसळत नाही. तो पुन्हा देता येतो. पण 'घरी सांगितलं तर रागावतील' ही भीती मनात बसली, की मुलं बोलायचंच सोडतात.

मुलांनो, मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही म्हणतात. मग कॉलेज तरी कसं वाढेल? उद्या शाळेत गेलात, की पहिला हात तुमचाच वर दिसू दे!