शकुंतलेच्या पायात काटा आहे का?

चेहऱ्याआधी अंग

तानसा खोऱ्यात, शहापूरकडे, भिंतींवर वारली चित्रं दिसतात. त्यातल्या माणसांना नाक-डोळे नसतात. दोन त्रिकोण, वर एक गोल, की झाला माणूस. तरी तारपा या वाद्याभोवतीच्या नाचातला उल्हास कळतो, कारण तो गुडघ्यांत आणि कमरेच्या बाकात असतो. राजा रविवर्म्याच्या नाट्यमय चित्रांपुढे मात्र आपण आधी चेहरा पाहतो आणि 'काय सुंदर!' म्हणून पुढे सरकतो.

लपवलेला भाव

कालिदासाची शकुंतला दुष्यंताला आणखी एकदा पाहता यावं म्हणून पायात दर्भ रुतल्याचं निमित्त करते. रविवर्म्याने नेमका हा क्षण उचलला. एक हात सखीच्या खांद्यावर, दुसरा उचललेल्या पायाकडे. नजर पायाकडे नाहीच. मान मागे वळली आहे. खरोखर काटा रुतलेला माणूस तळव्याकडे पाहील. इथे हात एक सांगतो, मान दुसरंच. ज्याच्यासाठी हे सोंग, तो दुष्यंत चित्रात नाही. नाट्यशास्त्राने 33 व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव मोजले. त्यात 'अवहित्था', म्हणजे मनातलं झाकणं, हा एक. रस शृंगारच, पण त्यात जीव येतो तो या झाकपाकीने.

गोष्ट ठाऊक हवी

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्या पिढीला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नसे. गोष्ट माहीत नसेल, तर उरते फक्त पाय दुखावलेली एक मुलगी.

उघडा भाव

रविवर्म्याच्याच 'जटायुवध' या चित्रात झाकलेलं काही नाही: रावणाची तलवार, पक्ष्याचा तुटलेला पंख, सीतेने तोंडावर घेतलेला हात. रौद्र आणि करुण एकाच चौकटीत. थरार आहे, पण माझ्या मते शकुंतला सरस. तिथे पाहणाऱ्यालाही थोडं काम उरतं.

रंगांवर किती विसंबावं?

1894 मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरी पोचली ती तिथली शिळाछापाची चित्रं. त्यांचे रंग मूळ तैलचित्रासारखेच असतील असं नाही, शिवाय ते काळाने उडतात. म्हणून जुन्या तसबिरीतल्या आभाळाच्या रंगावरून भाव ठरवू नये. हात आणि मान पाहावी. आणि माळ्यावर अशी तसबीर सापडलीच, तर कागदाला ओलं फडकं लावू नका.