प्रौढपणी वाचायला शिकताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साक्षरता वर्गात नाव घातलेले बरेच जण सही करण्यापर्यंत पोहोचतात आणि तिथेच थांबतात. वय आड येतं असं म्हटलं जातं, पण खरी अडचण बहुधा दुसरीच असते.

गैरसमज : पन्नाशीनंतर अक्षरं डोक्यात शिरत नाहीत.
वस्तुस्थिती : उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचं स्कॅन केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या खोलवरच्या भागांतही बदल दिसले. त्या बहुतेक जणी तिशीच्या आसपासच्या होत्या हे खरं, पण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’त साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या.

गैरसमज : बाराखडी आली की वाचन आलं.
वस्तुस्थिती : गाडी अडते ती इथेच. एकेक अक्षर लावत गेलं, की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. शब्द सगळे वाचले, अर्थ मात्र हाती लागला नाही, असं होतं. त्यात घ-ध, भ-म सारखे दिसतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. जोडाक्षरं तर वेगळीच. यावर उपाय वेग वाढवण्याचा. चार-पाच ओळींचा एकच उतारा, शब्दाखाली बोट ठेवून, रोज तीन-चारदा मोठ्याने वाचावा. बोट ठेवण्यात कमीपणा नाही. उतारा अडखळल्याशिवाय जमला की पुढचा घ्यावा.

गैरसमज : शिकणारे नवखे, तेव्हा पुस्तकंही बालवाडीचीच हवीत.
वस्तुस्थिती : लहान मुलाला अक्षरंही नवी असतात आणि बरेच शब्दही. मोठ्या माणसाकडे हजारो शब्द आधीच असतात, फक्त त्यांचं लिखित रूप ओळखायचं असतं. म्हणून एसटीची पाटी, औषधाच्या पाकिटावरची मुदत, बचत गटाची वही हे उत्तम धडे. पाठ असलेली आरती समोर ठेवून वाचणंही चांगलं. मात्र मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असं विचारावं. सांगता आलं तर ते वाचन, नाहीतर नुसतं पाठांतर.

गैरसमज : अक्षरं लागत नाहीत, म्हणजे बुद्धीच कमी.
वस्तुस्थिती : चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं. कधी शाळेत न गेलेल्या माणसाला चष्म्याची गरज जाणवलेलीच नसते. वर्ग सुरू करण्याआधी डोळे तपासावेत आणि संध्याकाळच्या वर्गात उजेड पुरेसा ठेवावा.

गैरसमज : परीक्षा पास झाली की काम झालं.
वस्तुस्थिती : ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षं आणि त्यावरील निरक्षरांना वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवता येतं. पण वाचायला काही मिळालं नाही, तर शिकलेलं मागे पडतं. म्हणून घरच्यांनी वीजबिल आणि लग्नपत्रिका आधी शिकणाऱ्यांच्याच हाती द्यावी. त्यांनी वाचून संपवेपर्यंत मधे बोलू नये.